रानातले जळण आणि कायदा

आपल्या राधानगरी तालुक्यात पुष्कळ घरी अजून चूल आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून गरिबांच्या घरी गॅसही आला. पण टाकी संपली की पैसे लागतात. म्हणून अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. ते जळण आणायला आपली आई, काकी, आजी रानात जातात. माझी आजी म्हणते, "वाळकं लाकूड हाय, झाड तर तोडत न्हाय. मग कायद्याचं काय जातंय?" हा प्रश्न मी गुरुजींना विचारला. त्यांनी समजावून सांगितले ते येथे लिहीत आहे.

पहिल्यांदा रान कोणत्या प्रकारचे आहे ते बघावे. सगळी झाडी सारखीच दिसते, पण कायद्यात तिचे प्रकार आहेत.

१) राखीव वन : यासाठी १९२७ सालचा भारतीय वन कायदा आहे. तो इंग्रजांच्या वेळचा, पण अजून चालतो. राखीव वनातून परवानगीवाचून काही आणणे हा गुन्हा आहे. झाड, पान, फूल, फळ या सगळ्याला कायदा 'वनउपज' म्हणतो. म्हणजे वाळकी काटकीसुद्धा त्यात आली. गुन्हा झाला तर कुऱ्हाड, कोयता, बैलगाडीही जप्त होते.

२) संरक्षित वन : येथे जवळच्या गावच्या लोकांना घरच्या वापरापुरता लाकूडफाटा नेण्याचा परवाना देता येतो.

३) अभयारण्य : दाजीपूरचे जंगल पूर्वी कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. येथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. हा सगळ्यांत कडक. परवानगीने काही आणले तरी ते घरासाठीच वापरायचे, विकायचे नाही.

४) मालकीचे रान : आपल्या बांधावरचे झाडही मनाला येईल तसे तोडता येत नाही. १९६४ च्या कायद्यात आंबा, फणस, हिरडा, जांभूळ अशी झाडे आहेत. ती तोडायला आधी परवानगी लागते.

वाळक्या लाकडाला एवढे का जपायचे? कारण ते वाया जात नाही. त्यात वाळवी आणि किडे राहतात. ते खायला सुतारपक्षी येतो. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालते. लाकूड कुजले की त्याची माती होते.

पण रान राखायचे तशी घरची चूलही पेटली पाहिजे. त्यासाठी २००६ साली वनहक्क कायदा झाला. जंगलावर पोट असलेल्या आदिवासींना आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या इतर लोकांना गौण वनउपज गोळा करायचा हक्क त्याने दिला. त्यात मध, बांबू, औषधी झाडे आहेत, तसेच झाडोरा आणि बुंधेही आहेत. इमारती लाकूड नाही. इतर लोकांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. अर्ज गावच्या वनहक्क समितीकडे करतात. आमच्या आळीतल्या सात जणींना मी विचारले, तर एकीलाच हा कायदा ठाऊक होता. बाकीच्या नुसत्या भीत भीत मोळी आणतात.

झाडे राखायचा नियम आपल्याकडे नवा नाही. गगनबावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांनी सुमारे ३०० वर्षांपूर्वी 'आज्ञापत्र' लिहिले. आरमाराच्या लाकडासाठीसुद्धा रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, फार जुने झाड लागलेच तर मालकाला राजी करून आणि पैसे देऊन घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. राजाच्या माणसांनाही विचारल्याशिवाय झाड घेता येत नव्हते!

म्हणून मुलांनो, एवढे करा. घरी विचारा, आपण जळण आणतो ते रान कोणत्या प्रकारचे? माहीत नसेल तर वनरक्षकांना विचारा. ओली फांदी तोडू नका. रानात विस्तव नेऊ नका. शेणी आणि तुराट्या जपून ठेवा, म्हणजे मोळ्या कमी लागतील. आणि ग्रामसभा असेल त्या दिवशी आईला सांगा, "तू पण जा, आणि जळणाचं विचार."

— इयत्ता चौथी