जुना नंबर सोबत येईल का?

प्रश्न : वडिलांच्या काळापासून घरी बीएसएनएलचा लँडलाइन आहे. केबलवाला इंटरनेटसोबत फोनही स्वस्तात देतो म्हणतो. नंबर तोच राहील का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे, पण ती मोबाइलपुरती. बीएसएनएल सोडलंत की ०८३३८चा तुमचा नंबर गेला. कोल्हापूर-गडहिंग्लजच्या पाहुण्यांना तोच पाठ असेल, तर आधी बीएसएनएलच्याच फायबरची चौकशी करा. तिथे बहुधा जुना नंबर ठेवता येतो.

एक गोष्ट केबलवाले आपणहून सांगत नाहीत. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळते, म्हणून घरातली लाइट गेली तरी डायल टोन येतो. फायबरचा फोन घरातल्या डबीवर चालतो. लाइट गेली की मुका. वळवाच्या पावसात याचा प्रत्यय येईल. छोटा यूपीएस घ्याच.

बाकी केबलवाल्याला मी नावं ठेवणार नाही. गल्लीतलाच माणूस असला, तर तार तुटल्यावर शिडी घेऊन दारात येतो. मात्र नंबर कोणत्या परवानाधारक कंपनीचा, हे पावतीवर लिहून घ्या. महिनाभर नवा फोन चालवून पाहा, मगच जुना बंद करण्याचा अर्ज द्या. पोच घ्या आणि अनामत रक्कम मागायला विसरू नका.