टाइल्सचा पडदा आणि चार कोपरे

मित्रमैत्रिणींनो, आपल्या अंकाच्या मराठी विभागात कविता, प्रवासवर्णनं आणि मेसच्या जेवणावरचे विनोद भरपूर येतात. म्हटलं, यंदा थोडा अभ्यास करू या! माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'टाइल'ला 'फरशी' म्हणताना माझं मलाच हसू येतं. तेव्हा या लेखात टाइल ही टाइलच राहील.

विषय आहे विंडोज ८ ची टाइल्सनी भरलेली स्टार्ट स्क्रीन. "अगं, ती तर केव्हाच इतिहासजमा झाली!" असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण दोन कारणांसाठी ती शिकण्यासारखी आहे. एक म्हणजे, घराघरांत, छोट्या दुकानांत जुने लॅपटॉप अजून चालू आहेत आणि घरातल्या 'इंजिनिअर'लाच त्यांच्यासाठी हाक मारली जाते. दुसरं म्हणजे, स्क्रीन कशी असावी आणि कशी नसावी, या दोन्हींचं इतकं चांगलं उदाहरण एकाच ठिकाणी क्वचित सापडतं.

थोडा इतिहास

'स्टार्ट' बटण पहिल्यांदा आलं विंडोज ९५ मध्ये, म्हणजे १९९५ साली. पुढची सतरा वर्षं लोकांचा हात आपोआप डावीकडे खाली जात राहिला. २०१० मध्ये विंडोज फोन ७ वर टाइल्स आल्या आणि २६ ऑक्टोबर २०१२ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ८ ने त्या मोठ्या पडद्यावर आणल्या. टॅब्लेट आणि टचस्क्रीनचे दिवस होते. बोटाने दाबता येईल असं सगळं मोठं हवं होतं. त्यासाठी स्टार्ट बटणच काढून टाकलं! लोकांची कुरकुर झाली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज ८.१ मध्ये बटण परत आलं. मात्र ते दाबलं की उघडायची पुन्हा टाइल्सचीच स्क्रीन. २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनू आणि टाइल्स यांचा समझोता झाला आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये हलत्या टाइल्स गेल्या, साधे आयकॉन राहिले.

टाइल्सचं गणित

विंडोज ८ मध्ये टाइल्स दोन मापांच्या होत्या: चौरस १५० × १५० पिक्सेल आणि रुंद ३१० × १५०. हे ३१० कुठून आले? दोन चौरस आणि मधली १० पिक्सेलची फट: १५० + १० + १५०. विंडोज ८.१ मध्ये ७० ची छोटी आणि ३१० × ३१० ची मोठी टाइल आली. ७० + १० + ७० = १५०. म्हणजे कुठलीही टाइल कुठेही ठेवा, सगळं घट्ट बसतं.

एवढ्या मोठ्या टाइल्स कशासाठी? याचं उत्तर १९५४ साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या नियमात आहे. हात लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतराबरोबर वाढतो आणि लक्ष्य रुंद असेल तर कमी होतो. अवघडपणाचं माप असं: दुप्पट अंतराला रुंदीने भागायचं आणि येणाऱ्या संख्येचा २ पायाचा लॉग घ्यायचा.

समजण्यासाठी सोपे आकडे धरू. टाइल ६०० पिक्सेल दूर, रुंदी १५०. १२०० ÷ १५० = ८, लॉग ३. आता मेनूतली एक ओळ घ्या, ४०० पिक्सेल दूर आणि फक्त २५ पिक्सेल उंच. ८०० ÷ २५ = ३२, लॉग ५. म्हणजे टाइल लांब असूनही सोपी! कागदावर टाइल्स जिंकल्या.

मग लोक अडले कुठे?

फिट्सचा नियम हाताचा आहे. डोळ्याचा आणि डोक्याचा नाही. विंडोज ८ मधल्या महत्त्वाच्या गोष्टी स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत लपवल्या होत्या. डावीकडे खाली माउस नेला की स्टार्ट. डावीकडे वर नेला की आधीचं ॲप. उजवीकडे वर किंवा खाली नेला की 'चार्म्स'ची पट्टी: सर्च, शेअर, स्टार्ट, डिव्हायसेस आणि सेटिंग्ज. कोपरा हे खरं तर उत्तम लक्ष्य. माउस कितीही जोरात ढकला, पॉइंटर कोपऱ्यात अडून थांबतो. पण तिथे काहीतरी आहे हे दिसतच नाही! गाठायला सोपं, पण सापडायला अवघड. माझ्या मते संपूर्ण विंडोज ८ चं सार या एका वाक्यात आहे.

हे मला पुस्तकात कळलं नाही, मावशीला शिकवताना कळलं. ती गावी महिला बचत गटाचा हिशेब ठेवते. बारा जणी, प्रत्येकीचे महिन्याला २०० रुपये, कुणाचं कर्ज, कुणाचे हप्ते. वह्यांवरून सगळा हिशेब एक्सेलमध्ये चढवला होता गटाच्या आधीच्या सचिव बाईंनी. त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि त्यांचा जुना विंडोज ८ चा लॅपटॉप मावशीकडे आला. बँकेने कर्जासाठी तीन वर्षांचा हिशेब मागितला होता. मावशीने लॅपटॉप उघडला, समोर रंगीत चौकोन. फाइल कुठेच नाही. तिचा फोन आला, "अगं, सगळ्यांचा हिशेब गेला की गं! मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

हिशेब कुठेही गेला नव्हता. तो डेस्कटॉपवर होता आणि डेस्कटॉप ही त्या चौकोनांपैकीच एक टाइल होती. फोनवर मी तिला एकच गोष्ट सांगितली, "खिडकीचं चित्र असलेली की धरून ठेव आणि डी दाब." पाच सेकंद शांतता. मग, "आली! आली गं फाइल!"

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा कळलं, की बंद करायचं बटण सापडत नाही म्हणून ती पॉवरचं बटण दाबून धरत होती. उघडी फाइल तशीच ठेवून! हे फार धोक्याचं. मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर एक यादी केली. तीच खाली देते.

मावशीची यादी

१. विंडोज की: स्टार्ट स्क्रीन. पुन्हा दाबली की होतो तिथे परत. वाट चुकली तर आधी हीच दाबायची.

२. विंडोज + डी: थेट डेस्कटॉप.

३. स्टार्ट स्क्रीनवर नुसतं टाइप करा. शोधायची चौकट दिसत नसली तरी 'एक्सेल' या शब्दाची पहिली दोन-तीन इंग्रजी अक्षरं दाबली की प्रोग्रॅम समोर येतो.

४. ऑल्ट + एफ ४: समोरचं ॲप बंद. पीडीएफ उघडली की ती सगळी स्क्रीन व्यापते आणि फुलीचं चिन्ह दिसत नाही, तेव्हा हे हवंच. माउसने करायचं तर वरची कड पकडून तळापर्यंत ओढायचं.

५. विंडोज + आय: सेटिंग्ज. तिथे पॉवर, मग शट डाउन. पॉवरचं बटण दाबून धरायचं नाही!

६. विंडोज + एक्स: कंट्रोल पॅनेलसारख्या गोष्टींचा छोटा मेनू. हा आपल्यासाठी, मावशीसाठी नाही.

बाण-कीजने एका टाइलवरून दुसरीवर जाता येतं आणि एंटरने ती उघडते. माउसचं चाक फिरवलं की स्क्रीन आडवी सरकते. नको असलेल्या टाइलवर राइट क्लिक केलं की खाली पट्टी येते. तिथे 'अनपिन फ्रॉम स्टार्ट'. हलणारी टाइल त्रास देत असेल तर तिथेच 'टर्न लाइव्ह टाइल ऑफ'. आम्ही बहुतेक टाइल्स काढून टाकल्या. हिशेबाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'पिन टू स्टार्ट' केलं आणि ती टाइल अगदी पहिली ठेवली. एकटी फाइल अशी पिन होत नाही, फोल्डर होतो. हे लक्षात ठेवा.

गट करायचे असतील तर टाइल ओढून दोन गटांच्या मधल्या मोकळ्या जागेत न्या. उभी पट्टी दिसली की सोडा, नवा गट तयार. त्याला नाव द्यायचं तर उजवीकडे खाली असलेल्या वजाच्या चिन्हावर क्लिक करा, सगळ्या टाइल्स बारीक होतात. मग गटावर राइट क्लिक करून नाव द्या.

एक महत्त्वाची सूचना

विंडोज ८ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं जानेवारी २०१६ मध्ये थांबलं, ८.१ ला १० जानेवारी २०२३ रोजी. विंडोज १० चीही नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हा अशा जुन्या लॅपटॉपवर बँकेचे पासवर्ड टाकू नका, टाकू देऊ नका. आम्ही इंटरनेट बंद केलं आणि हिशेबाच्या दोन प्रती दोन पेनड्राइव्हवर घेतल्या. एक मावशीकडे, एक गटाच्या अध्यक्षांकडे. बँकेला मागितलेला हिशेब वेळेत पोचला.

शेवटी

उद्या आपल्यापैकी कितीतरी जण अशाच स्क्रीन बनवणार आहेत. डिझाइन सुंदर दिसतं की नाही हे तर बघाच. पण ज्याने ते कधीच पाहिलेलं नाही, त्याला परत यायची वाट दिसते का, हे आधी बघा. आणि घरी कुणी "हे कसं करायचं रे?" असं विचारलं, तर त्यांच्या हातून माउस ओढून घेऊ नका. माउस त्यांच्याच हातात राहू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा. थोडा वेळ जास्त लागतो, पण पुढच्या वेळी फोन येत नाही. आला, तरी तो "जेवलीस का?" असं विचारायलाच येतो!