किमोथेरपीतील एकांतवास

प्रश्न : माझ्या पत्नीची किमोथेरपी चालू आहे. संसर्गाच्या भयाने आम्ही घरात सर्वांचे येणेजाणे बंद केले. आता ती दिवसभर भिंतीकडे पाहत बसते. काय करावे?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपली दक्षता रास्त असली, तरी तिला सरसकट मनाईहुकुमाचे रूप येणे रुग्णाच्या प्रकृतीस हितावह नाही. पुष्कळशा औषधांच्या बाबतीत रक्तातील श्वेतपेशी मात्रेनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान नीचांकास पोहोचतात व पुढे क्रमाने सावरतात. तेव्हा डॉक्टरांकडून तारखा समजून घेऊन, त्या मुदतीत रामकुंडावरील गर्दी, सर्दीखोकल्याचे पाहुणे व न धुतलेली द्राक्षे कटाक्षाने वर्ज्य करावीत, आणि एरवी एखाद्या निरोगी मैत्रिणीस, हात धुऊन व खिडक्या उघड्या ठेवून, खुशाल गप्पांना बसू द्यावे. प्रातःकाळी अंगणात थोडे चालणे, १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक मागविणे, दूधभाजीचा जमाखर्च तिच्याच हाती ठेवणे, यांनी दिवसास आकार येतो. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास मात्र, मध्यरात्र असली तरी, घरातली तापाची गोळी देऊन वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि औदासीन्य दोन आठवडे हटले नाही, तर तेही डॉक्टरांच्या कानी निःसंकोच घालावे.