शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती : छंदातून जतन

कोकण किनाऱ्यावर मचवे आणि गलबते बांधणारे सुतार बहुधा कागदी आराखड्यावाचूनच काम करीत आले. मापे त्यांच्या नजरेत व स्मरणात असतात. साहजिकच, कारागिराबरोबर त्याची विद्याही लोप पावते. ही हानी टाळण्याचा एक सुलभ मार्ग म्हणजे अशा जहाजांच्या लाकडी प्रतिकृती एकत्र येऊन तयार करणे.

प्रतिकृती हे केवळ खेळणे नव्हे. १:५० या प्रमाणात २० मीटर लांबीचे जहाज ४० सेंटिमीटरमध्ये सामावते. प्रथम तळाचा कणा, त्यावर फासळ्या, नंतर फळ्या असा क्रम ठेवता येतो. पातळ पट्ट्या पाण्यात भिजविल्या म्हणजे न मोडता वळतात. शेवटी डोलकाठी व शीड चढते. एकाने मापे घ्यावीत, दुसऱ्याने आराखडा काढावा, तिसऱ्याने शीड शिवावे. अशा वाटणीत प्रत्येकाच्या हाताला काम मिळते.

लहान प्रतिकृतीचे मोल मोठ्या कामातही दिसून आले आहे. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. मूळ आराखडा उपलब्ध नसल्याने मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने आधी प्रतिकृतीवर चाचण्या घेण्यात आल्या.

किनाऱ्यावरील शाळा व ग्रामपंचायतींनी वृद्ध कारागिरांना सन्मानाने पाचारण करून हा छंद रुजवावा. प्रतिकृती कपाटात राहील. मात्र तिच्यासाठी वहीत उतरलेली मापे पुढील पिढीच्या हाती पडतील.