मागच्या ब्रेकचे माप



भोकरदन तालुक्यातील भिल्ल वस्त्यांवर धान्य पोहोचवणारी आणि आजाऱ्यांना दवाखान्यात नेणारी आपली जुनी पिकअप मी चालवतो. मागचे ब्रेक शू झिजले तेव्हा जालन्याच्या बाजारात नुसते गाडीचे नाव सांगून मी नवे शू आणले. बसवले, तर ड्रमच चढेना. दोन दिवस गाडी उभी राहिली. तापाने फणफणलेल्या एका आजीला बैलगाडीतून न्यावे लागले. चूक माझी होती. त्यातून शिकलो ते सांगतो.

एकाच नावाच्या गाडीत साल आणि भारक्षमतेप्रमाणे ड्रम निराळे असू शकतात. जुन्या गाडीचा मागचा एक्सलही कोणी बदललेला असतो. म्हणून माप घ्यावेच.

सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू घोडीवर टेका, हँडब्रेक सोडून ड्रम काढा. आतला व्यास आडवा आणि उभा मोजा. कडेचा गंजलेला काठ धरू नका. १० इंची ड्रम २५४ मिलिमीटर, ११ इंची २७९ मिलिमीटर भरतो. झिजेने माप थोडे वाढते. ड्रमवरचा आकडा बहुधा झिजेची कमाल मर्यादा असते, मूळ माप नव्हे. शूची रुंदीही मोजा, जुना शू दुकानात न्या, दोन्ही चाकांचे शू एकदमच बदला. धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

सुटे भाग देऊ इच्छिणाऱ्यांना विनंती: आधी आमच्याकडून माप मागवा. गाडीत मागे बसलेल्यांचा जीव त्या मापावर असतो.