आधी पोराचा दम बघ

अगं, तुझा नातू बारीक आहे म्हणून त्याच्या हृदयाची चिंता नको, असं धरून चालू नकोस. शाळेत खेळ शिकवताना किती पोरं डोळ्यांखालून गेली! काडीसारख्या हातापायांची पोरं मैदानाला एक फेरी मारली की धापा टाकत खाली बसायची, आणि अंगाने भरलेली एखादी मुलगी खो-खोचा अख्खा डाव पळायची. त्या मुलीच्या आईला लोक उगाच बोलायचे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळं लहान होती ती मुख्यतः स्नायूंनी. चरबी मात्र त्यांनी त्या मानाने राखलेली होती. म्हणून आपल्या लेकरांचं नुसतं वजन बघून भागत नाही.

घरी एक कर. लांब दोरा घे, नातवाला सरळ उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत माप आणि तोडून दुमडून निम्मा कर. तो पोटाभोवती आरामात पुरला पाहिजे. पुरत नसेल तर पोटावर चरबी साठते आहे. ही चरबी गप्प पडून राहत नाही. तिच्यातून रक्तात अशी द्रव्यं सुटतात की ताप नाही, जखम नाही, तरी अंगात बारीक दाह चालू राहतो आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. अमेरिकेत लुइझियानातल्या बोगालुसा गावी 1973 साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. तिथे अपघातात वगैरे दगावलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या धमन्या तपासल्या, तेव्हा लहान वयातच त्यांत चरबीच्या रेघा उमटलेल्या सापडल्या. हृदयविकार पन्नाशीत दिसतो खरा, पण त्याची सुरुवात शाळेच्या वयात होते.

या दाहाचा आकडा कळावा म्हणून सीआरपीची तपासणी करायला धावू नकोस. साध्या सर्दीतापानेही तो आकडा चढतो. डॉक्टरांनी सांगितली तरच करायची.

आता खेळाचं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातले निदान तीन दिवस चांगला दम लागेल असं खेळायला हवं. हा तास एका दमात भरायची गरज नाही. दम ओळखायची खूण सोपी आहे: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तेव्हा बेताचा व्यायाम, दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तेव्हा जोराचा. मैदान नाही ही सबब मला सांगू नकोस. लंगडीला चाळीचं अंगण पुरतं, दोरीवरच्या उड्यांना गच्ची. सूर्यनमस्कार घालायला लावशील तर स्वतःही घाल, नुसतं बसून मोजू नकोस. कष्ट करणारे स्नायू दाह शमवणारी द्रव्यं सोडतात, त्यामुळे वजन फारसं उतरलं नाही तरी खेळ फुकट जात नाही. आणि अभ्यास राहिला म्हणून खेळ बंद, ही शिक्षा घरातून काढून टाक. ती मला कधीच पटली नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगते. दोन वर्षांवरच्या मुलाला वरून घातलेली साखर दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत असावी. कोलाच्या 300 मिलीच्या एका बाटलीतच 30 ग्रॅमहून जास्त असते. संध्याकाळच्या खारी-बिस्किटांऐवजी मोडाची मटकी, भाजलेले शेंगदाणे, नाहीतर एखादं फळ दे. रस काढू नकोस, फळ चावून खाऊ दे. झोप मोडू देऊ नकोस: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास लागतात, आणि उशाशी मोबाइल असला की त्याच तासांवर घाला येतो. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बाहेर, अंगणाच्याही पलीकडे.

घशाचं दुखणं हलकं घेऊ नकोस. बहुतेक घसे आपोआप बरे होतात, पण काहींच्या मागे स्ट्रेप्टोकोकस जंतू असतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, आज गुडघा तर उद्या घोटा सुजला, तर तो संधिवाताचा ताप असू शकतो, आणि त्यातल्या दाहाने हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. डॉक्टरांनी घशासाठी प्रतिजैविक दिलं तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस, ठरलेले सगळे दिवस दे. आणि खेळताना नातवाच्या छातीत दुखलं, तो चक्कर येऊन पडला किंवा त्याचे ओठ निळे पडले, तर तो दम लागल्याचा प्रकार नव्हे. खेळ तिथेच थांबव आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे ने.