लिंबाला फळ का धरत नाही?

प्रश्न : अंगणातलं कागदी लिंबू चार वर्षांचं झालं. पाला भरपूर, पण फळ एकही नाही. काय करावं?
– एक वाचक, सुकापूर (पनवेल)

उत्तर : झाड बियांपासून लावलेलं असेल, तर फळाला पाच-सहा वर्षं लागतात. नुसता पाला माजतो तो बहुधा जास्त युरियामुळे किंवा सावलीमुळे. युरिया थांबवा, शेणखत आणि थोडं पोटॅश द्या. आड येणाऱ्या फांद्या छाटून रोज किमान सहा तास ऊन मिळू द्या. पनवेलच्या पावसात बुंध्याशी पाणी साचलं तर मुळं कुजतात, चर काढा. पावसाळा सरल्यावर पाणी तोडून ताण द्या. पानं किंचित मलूल झाली की पुन्हा पाणी सुरू करा. फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका, मधमाश्या येऊ द्या. झाड तोडण्याची घाई करू नका.